ओढ्यापाशी सांगितलेलं

अंबरनाथ,
शुक्रवार, १९ एप्रिल १९९१

प्रिय उमा,

अंबरनाथहून बदलापूरला पत्र टाकणारी मी पहिलीच असेन. पाऊण तासात तुझ्या दारात उभी राहू शकते, आणि तरी कागद घेऊन बसले आहे. या आठवड्यात दोनदा साडी बदलून निघाले होते. एकदा तर पार शिवमंदिरापर्यंत गेले, पेढेवाल्याकडून तुझ्या जुईच्या नावानं पाव किलो पेढेही घेतले, आणि तिथूनच परत फिरले. समोर बसून तोंडानं सांगायची मला भीती वाटते. भीती कसली, ते वाचशील तेव्हा कळेल. जुईला निजव, दार लोटून घे, आणि आधी एकटीच वाच. दोन वर्षांपूर्वी तू मला विचारलं होतंस, ताई, त्या शिबिरात असं काय झालं की तुम्ही दोघं एवढे बदललात? मी हसून विषय टाळला होता. तेव्हा टाळायला नको होता.

शिबिराला जायच्या आधीचं आमचं घर तू पाहिलं आहेसच. तुझे भावोजी साडेसहाला कारखान्यातून यायचे, प्रयोगशाळेतला तो आंबूस वास अंगावर घेऊन. मी चहा ठेवायची, ते पेपर उघडायचे. गॅस संपला, दूधवाला उद्या येणार नाही, एवढंच बोलणं. दोन खोल्यांच्या घरात आम्ही एकमेकांना वाट देत चालायचो, दवाखान्याच्या बोळात अनोळखी माणसं चालतात तसे. त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. मी एकदाही विचारलं नाही की का. हे असं कधीपासून झालं आणि कशानं झालं, ते मला आज सांगता येत नाही उमा, आणि का येत नाही तेच सांगायला मी हे लिहिते आहे. उल्हासनगरला कॅम्प चारच्या बराकीत होतो तेव्हा असं नव्हतं, हे पक्कं आठवतं. तू कॉलेजसाठी आमच्याकडे राहायचीस, दुपारी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचीस. त्या आठवणीत तुझी मांडी रिकामी दिसते, पण तुझा हात मात्र त्या मांडीवर हळूहळू थोपटत असतो. कितीदा तरी मी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं आहे. तू कुणाला थोपटतेस ते दिसत नाही.

शिबिराचं पत्रक भावोजींच्या ऑफिसातल्या कुणी तरी दिलं. 'सहजीवन शिबिर, चार दिवस निसर्गात, फक्त जोडप्यांसाठी.' डिसेंबर अठ्ठ्याऐंशी. त्यांनी ते पत्रक टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जायचं का?" त्यांनी आपणहून काही विचारायला किती तरी महिने झाले होते, म्हणून मी लगेच हो म्हटलं. बदलापूरहून जीपनं बारवीच्या बाजूला नेलं, पुढे डोंगराच्या कुशीत एक जुना लाकडाच्या वखारीचा बंगला होता, तिथं. सात जोडपी. शिबिर घेणाऱ्या मालिनीबाई ठाण्याच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, फार हळू बोलणाऱ्या. घड्याळं आणि वर्तमानपत्रं त्यांनी पहिल्याच दिवशी एका पेटीत ठेवून घेतली. दिवसभर बोलायचं नाही. सकाळी नवरा-बायकोनं समोरासमोर बसून पाच मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. एक संत्रं दोघांत, तेही अर्धा तास लावून, एकमेकांना भरवत खायचं. ओल्या गवतावर अनवाणी चालायचं. मला आधी हसू आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मला दिसलं की यांच्या डाव्या डोळ्यात बाहुलीशेजारी एक तपकिरी ठिपका आहे. बारा वर्षांत मी तो पाहिला नव्हता. आणि त्यांनी मला संत्र्याची फोड देताना तिच्यातली बी काढून दिली. ती फोड मी किती तरी वेळ तोंडात तशीच धरून ठेवली. माणसं चांगली होती उमा, शिबिरही चांगलं होतं. मी कुणाला दोष देत नाही.

तिसऱ्या दिवशी पट्टीची चाल होती. दोघांपैकी एकानं डोळ्यांवर पट्टी बांधायची, दुसऱ्यानं हात धरून रानातून खालच्या ओढ्यापर्यंत न्यायचं. वाटेत चकार शब्द नाही. ओढ्यापाशी पोचलं की पट्टी बांधलेल्यानं, आजवर ओठांवर येऊन परत गेलेलं जे काही असेल ते बोलायचं. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, फक्त हात धरून ऐकायचं. परत येताना पट्टी दुसऱ्याच्या डोळ्यांवर. आम्ही निघालो तेव्हा स्वयंपाकाला असलेली भिकी पाण्याचा हंडा घेऊन वाटेत उभी होती. खालच्याच वाडीतली, माझ्याच वयाची असेल. ती मालिनीबाईंना म्हणाली, "वढ्याकडं नका धाडू, बाय. सपाटीला फिरवा." मालिनीबाई हसून म्हणाल्या, "अगं, दिवसाढवळ्या कसली भीती?" आम्ही गेलो त्या बाजूला भिकीनं पाठ केली. ऊन चांगलं वर आलं होतं. अकरा वाजले असतील.

माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. यांचा हात तुला माहीत आहे, प्रयोगशाळेत भाजलेला, अंगठ्याखाली खरखरीत वळ असलेला. तो वळ माझ्या तळव्याला लागत होता. पायांखाली सागाची पानं मोडत होती. मग उतार लागला, पाण्याचा गारवा आला, एका दगडावर माझा पाय घसरला आणि हात सुटला. लगेच परत धरला गेला. या वेळी हात गार होता, माठाला बाहेरून लावावा तसा, आणि वळ लागला नाही. मला वाटलं, त्यांनी दुसरा हात दिला असेल. त्या हातानं मला एका सपाट दगडावर बसवलं. मी बोलायला लागले. किती वेळ बोलले असेन देव जाणे. घसा दुखेपर्यंत बोलले, पट्टी ओली होऊन गालाला चिकटली, पोटातून हुंदके येत होते. तो हात मधूनमधून माझी बोटं दाबत होता, हं, पुढे, असं सांगत असल्यासारखा. शेवटी सांगायचं काही उरलं नाही आणि मी पट्टी काढली. शेजारी कुणी नव्हतं. हे काठावरच, तीस-चाळीस पावलांवर उभे होते, माझ्याकडे बघत. नियम मोडून ते म्हणाले, "तूच हात सोडवून घेतलास. इथंच थांबा म्हणून खूण केलीस आणि पुढे गेलीस." मी म्हटलं, मग मी बोलले ते? ते म्हणाले, "तुझे ओठ हलताना दिसत होते. आवाज मुळीच येत नव्हता."

मला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण उमा, मला इतकं हलकं वाटत होतं. छातीवर कुणी वर्षानुवर्षं जातं ठेवलं असावं आणि ते उचलून बाजूला ठेवावं, तसं. मी त्यांना पट्टी बांधली आणि त्यांना त्याच दगडावर बसवलं. त्यांचा उजवा हात मी दोन्ही हातांत घट्ट धरला. माझा हात घसरला असेल तर घसरला असेल, यांचा मी सोडणार नव्हते, आणि सोडला नाही. ते बोलायला लागले. पण त्यांनी तोंड फिरवलं डावीकडे, माझ्या उलट्या बाजूला. त्यांचा डावा हात गुडघ्यापासून वीतभर वर उचललेला होता आणि बोटं अर्धवट मिटलेली होती, कुणी तरी तो हात धरून ठेवावा तशी. तिथं ऊन होतं, दगड होता, बाकी काही नव्हतं. माझ्यापासून हातभर अंतरावर ते बोलत होते, ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता, पाखरांचा येत होता. यांचा नाही. मी ओरडले नाही. ते रडत होते, आणि मी त्यांना रडताना प्रथमच बघत होते, निदान मला तसं वाटलं. म्हटलं, रडू दे. थोड्या वेळानं डावा हात अलगद गुडघ्यावर आला, जणू कुणी नीट आणून ठेवला. त्यांनी पट्टी काढली, माझ्याकडे बघितलं, आणि हसले. मनापासून हसले.

त्यानंतरची दोन वर्षं तू पाहिली आहेस. तूच म्हणाली होतीस, ताई, तुमचं नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटतं. खरंच तसं होतं. यांनी अंथरूण आत आणलं. रविवारी सकाळी आम्ही शिवमंदिराच्या मागे नदीकाठानं फिरायला जायचो, येताना गरम वडे घेऊन यायचो. ते मला ऑफिसातल्या गमती सांगायचे, मी त्यांची नक्कल करायची. ताटातला शेवटचा घास कुणी खायचा यावरून भांडायचो. मी बेचाळिसाव्या वर्षी गजरा माळायला लागले. आम्ही कधी एकमेकांना विचारलं नाही की ओढ्यापाशी तुम्ही काय बोललात, तू काय बोललीस. मी आठवून पाहिलं होतं. रडल्याचं आठवत होतं, घसा दुखल्याचं आठवत होतं, पण शब्द एकही नाही. दात पडल्यावर जीभ तिथं जाते आणि तिला गुळगुळीत हिरडी लागते, तसं लागायचं. दुखत नव्हतं, म्हणून मी खणत बसले नाही.

काही गोष्टी मात्र होत होत्या. रस्ता ओलांडताना माझा डावा हात आपोआप खाली जायचा, कमरेएवढ्या उंचीवर, आणि बोटं उघडायची. पलीकडे पोचल्यावर मला कळायचं की मी रिकामा हात धरून आले. दूध तापवलं की मी थोडं वाटीत काढून फुंकर घालत उभी राहायची. आम्हांला दोघांनाही दूध आवडत नाही. हे जिना चढताना तिसऱ्या पायरीवर हटकून थांबायचे, वाकायचे, आणि मग "अरे, कशाला वाकलो?" म्हणून स्वतःशीच हसायचे. मीही हसायची. वयानं होतं असं, म्हणायची. एकदा मात्र शेजारच्या बाई त्यांच्या दारातून आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं त्यांच्या घरी काही झालं असेल.

मग फेब्रुवारीत जुईचं बारसं झालं. सात वर्षांनी तुझी कूस उजवली, मी आदल्या दिवसापासून तुझ्याकडे होते, स्वतःच्या हातानं पाळण्याला फुलं बांधत होते. तू मला आतल्या खोलीत बोलावलंस. बाळ मांडीवर घेऊन बसली होतीस. तुझा आवाज कापत होता. तू म्हणालीस, "ताई, हिचं नाव मधू ठेवू का? तुझी हरकत नसेल तरच." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ठेव की. माझी कसली हरकत? छान नाव आहे. आम्हांला कुठं पोरंबाळं, तुझ्याच लेकीवर हौस करणार मी." मी हे हसत हसत म्हटलं होतं. तुझा चेहरा पांढरा पडला. तू बाळाला असं छातीशी ओढलंस की जणू मी तिला मारायला आले आहे. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या, तू नाव बदलून जुई ठेवलंस, आणि मी निघाले तेव्हा दारात माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताई, तू दगड झालीस." मी रिक्षेत बसून घरापर्यंत विचार करत होते, माझं काय चुकलं? मूल नसणाऱ्या बाईनं हौस करू नये, असं तुला वाटलं का? मला राग आला होता तुझा. त्या रागात मी महिना काढला.

मार्चअखेर लाजवंतीचाची आली. कॅम्प चारची आपली सिंधी शेजारीण, तुला तिच्या पापडांचा वास अजून आठवत असेल. गुडघे दुखतात तरी पापडांची पिशवी घेऊन जिना चढून आली. बराकीचं छप्पर नवं करायला काढलं म्हणाली, त्यासाठी माळा रिकामा केला. पदराच्या गाठीतून तिनं एक छोटा स्टीलचा पेला काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "ये ऊपर पड़ा था, बेटी. तेरी बच्ची का है. मेरे पास आके इसी में दूध पीती थी." मी विचारलं, किसकी बच्ची? चाचीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं माझं तोंड आपल्या दोन्ही हातांत धरलं, काही तरी सिंधीत पुटपुटली, आणि चहा न घेताच गेली. पेल्यावर नाव घातलेलं होतं. 'चि. मधू हिस पहिल्या वाढदिवशी, उमामावशीकडून, १९८०.' मी ते मोठ्यानं वाचलं. चार वेळा वाचलं. माझ्या आत काहीही हललं नाही उमा. रेशनकार्डावरचं परक्याचं नाव वाचावं तसं. मला सर्वांत जास्त भीती वाटली ती त्याची.

संध्याकाळी मी तो पेला यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उचलला, फिरवून वाचला, आणि म्हणाले, "कुणाचा तरी चुकून आला असेल." पण पेला खाली ठेवताना त्यांनी त्याची कड अंगठ्यानं पुसली, लहान मुलाचं तोंड पुसतात तशी. मी म्हटलं, उमामावशी म्हणजे आपली उमा असेल तर? त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कुमुद, आपण किती छान आहोत आता. कशाला?" त्यांना काही आठवत नाही, हे नक्की. पण आठवायला काही तरी आहे हे त्यांना कुठं तरी ठाऊक आहे, असं मला वाटलं. त्या 'कशाला'मध्ये मला विनवणी ऐकू आली. तरीही मी त्यांचं ऐकलं नाही.

या मंगळवारी हे कामाला गेल्यावर मी बदलापूरहून बारवीकडची बस धरली. तुझ्या गल्लीवरूनच गेले, खाली पाहून. बंगला आता बंद आहे, मालिनीबाई कुठं असतात कुणाला ठाऊक नाही. भिकी वाडीत सापडली, अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं विचारलं, "बोलला व्हता ना तुमी तिथं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "आमी लाकडं आणाया जातो, पन वढ्यापाशी तोंड उघडत नाय. कोन हाय ते आमाला बी ठावं नाय. ती वंगाळ नाय, बाय. कुनाचं ओढून घेत नाय. तुमीच देता. दिलेलं मंग तिच्याकडंच ऱ्हातं." तिची सासू सरू, तिचा मोठा मुलगा पुरात गेला होता. सहा महिने जेवली नाही. मग एक दिवस ओढ्यापाशी जाऊन बोलून आली, आणि गाणं म्हणत भाकऱ्या थापायला लागली. संध्याकाळी मुलाचं कुत्रं दारात आलं, तर हे कुणाचं कुत्रं म्हणून हाकलायला उठली. भिकीनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं.

मी तिला म्हटलं, मला तिथं ने. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. मग तिनं एकच अट घातली, की मी पदराचा बोळा तोंडात धरायचा. दुपारचे बारा वाजले होते. ओढा आटला होता, मधल्या डोहात तेवढं हिरवं पाणी. तो सपाट दगड तसाच. आम्ही उभ्या राहिलो. आधी काही नव्हतं. मग कारवीच्या झुडपांमागून एक बाई हळू आवाजात बोलताना ऐकू आली. शब्द कळत नव्हते. पण तो आवाज माझा होता, उमा. आपलाच आवाज रेडिओवर ऐकल्यासारखा. मूल जेवत नसलं की आई कशी चढउतार करत बोलते, हा घास काऊचा, त्या लयीत. बोलता बोलता तो थांबायचा, आणि मग कुणी तरी लहान, अगदी लहान हसायचं. जरा पलीकडे पुरुषाचा आवाज आकडे मोजत होता, एक, दोन, तीन, झोका देताना मोजतात तसा. तो यांचा होता. मी पुढं धावले, पदराचा बोळा तोंडातून गळून पडला. भिकीनं मागून कंबरेला मिठी घातली आणि एक हात माझ्या तोंडावर दाबून धरला. तिच्या हाताला मी चावले. तिनं सोडलं नाही. ओढत ओढत वर आणलं, सपाटीला आल्यावर आम्ही दोघी खाली बसलो, आणि ती रक्त आलेला हात लुगड्याला पुसत मला म्हणाली, "तुमी हाक मारली असती ना, बाय, तर तुमी पन तिथंच ऱ्हायला असता."

तिच्या अंगणात परत आल्यावर मी विचारलं, मग ते परत कधीच मिळत नाही का? भिकी म्हणाली, "ती देत नाय. पन ज्याला ठावं हाय, त्यानं सांगावं. सासूला आमी सांगितलं. वाडीत घरोघर गेली ती, माजा पोर कसा व्हता सांगा म्हनून. कुनी सांगितलं त्याला पोहता येत व्हतं, कुनी सांगितलं तो लबाड व्हता. ऐकलेलं ऱ्हातं. आपलं व्हायला लई दिस लागतात, पन ऱ्हातं." मी विचारलं, मग सासूचं काय झालं? भिकी फोडींवरच्या माश्या हाकलत म्हणाली, "लई रडली. मंग माणसात आली."

उमा, म्हणून हे पत्र. बारशाच्या दिवशीचा तुझा चेहरा पुन्हा समोर बघायची हिंमत मला झाली नाही. घरोघर जायला माझ्याकडे वाडी नाही, तू आहेस. तू तीन वर्षं आमच्याकडे होतीस, तू तिला थोपटत होतीस. मला मुलगी होती हे मला आता माहीत आहे, जसं शाळेत शिकलेलं माहीत असतं तसं. बाकी काहीच माहीत नाही. ती कुठं जन्मली, कुणासारखी दिसायची, कशाला घाबरायची, जेवायला त्रास द्यायची का, ते लिही. किती वर्षांची होऊन गेली आणि कशानं गेली, तेही लिही. मी त्या दगडावर एवढी रडले, म्हणजे माझ्या हातून काही झालं होतं का? झालं असेल तर गाळू नकोस. मला दया दाखवून अर्धं लिहिलंस तर ते अर्धंच माझं होईल. तुझं पत्र वाचून झालं की यांना मी सांगणार आहे, इथं घरात, त्यांचा तो भाजलेला हात हातात धरून. आमचं हे हसणं-खेळणं त्यानंतर टिकेल की नाही, मला माहीत नाही. पण ती दोघांची होती, आणि आम्ही दोघांनी तिला एकमेकांकडे न देता भलत्याच हातात दिलं. बारशाच्या दिवशी मी जे बोलले, त्याची क्षमा कशी मागायची ते मला अजून कळलेलं नाही, आधी मला तो घाव किती मोठा होता ते तरी कळू दे. लवकर लिही. आणि सगळ्यांत आधी, पहिल्याच ओळीत, एवढं एक सांग: ती मला आई म्हणायची, की दुसरं काही म्हणून हाक मारायची?

तुझीच,
कुमुदताई